स्टार्टरमधल्या मुंग्या

उन्हाळी धानाला शेवटून दुसरं पाणी
आणि केवळराम नाकाड्यांची मोटार उठत नाही.
"नुसती घुं करत होती गा, आता तेही नाही."
टेस्टर, पक्कड, पॉलिश पेपर घेऊन
मी धुऱ्याधुऱ्यानं चुलबंदीकडे निघालो.

झाकण काढलं.
तिन्ही पॉइंटांच्या मध्ये मुंग्या,
वाटीभर तरी, भाजून एकमेकींत गुंतलेल्या.
कढईत जवस विसरल्यावर येतो तसा वास.

बावीस वर्षं हेच पाहतो आहे.
पहिली शिरते चुकून, उबेला.
झटका बसतो.
मरता मरता ती एक गंध सोडते,
वारुळात त्याचा अर्थ एकच: या.
दुसरी येते. तिचाही गंध.
मग तिसरी.
कोणी हुकूम दिलेला नाही,
कोणाच्या डोक्यात नकाशा नाही
(डोकं तरी केवढं, राजगिऱ्याचा दाणा)
पण असल्याच दोन-चार नियमांवर त्यांनी
पळसाखालचं ते वारूळ उभं केलं आहे,
बोडीचं पाणी चढण्याआधी अंडी वर नेली आहेत.
नियमात खोट नाही.
डबा नवीन आहे.

मी तार गुंडाळणारा माणूस.
एका खाचेत अडतीस वेढे.
एकाही वेढ्यात जोर नसतो,
कापून बघा, तांबं निघेल.
सगळे बसले, करंट दिला,
की कुठून तरी ओढ येते आणि लोखंड फिरू लागतं.
ती आधी कुठे होती
हे मला विचारू नका, मी मजुरी वेढ्यांची घेतो.

नाकाड्यांच्या पोरानं ऑटोस्विच बसवला होता.
"याला अक्कल आहे, लाइन आली की स्वतःच चालू करते."
केली त्यानं. रात्री दोनला, कोरड्या विहिरीवर.
वायंडिंग जळून कोळसा.
त्याला लाइन कळत होती. पाणी कळत नव्हतं.

आणि मग ती विहीर,
जिच्याबद्दल घरी बायको काही विचारत नाही.
दोन वर्षं झाकलेली. फुटव्हॉल्व्ह काढायला
मुखरू उतरला. अर्ध्यात हात सुटला.
त्याचा होमराज "बा" म्हणत मागे गेला,
तो ओरडलाही नाही.
मग ताराचंद. माझा साळा,
माझ्याच हाताखाली वेढे मोजायला शिकलेला.
चप्पल काढून नीट बाजूला ठेवली त्यानं.

चौथा मी होतो.
एक पाय कडीवर.
आणि तोंडातून, सवयीनं,
खाच भरताना येतं तसं आलं:
एक, दोन, तीन.
पाय तिथेच राहिला.

लोक म्हणाले, शहाणा निघाला.
मला तसं वाटलं नाही, आजही वाटत नाही.
आतलं एक यंत्र अडकलं आणि मी वाचलो, एवढंच.
ज्या वर्षी पुरात टोली बुडाली
तेव्हा आम्ही हात धरून साखळी केली होती,
कोणीच मोजलं नव्हतं,
म्हणून तर फुलाबाई आणि तिच्या नऊ शेळ्या निघाल्या.
तेव्हा कोणी मोजलं असतं तर?
विहिरीवर ताराचंदनं मोजलं असतं तर?
कधी मोजावं, हे सांगणारा वेढा
कोणत्या खाचेत बसतो?

नाकाडे विचारतात, "झालं का गा?"
ब्रशनं मुंग्या झाडल्या. पॉइंट घासले.
खडूची रेघ ओढायला खिशात हात घातला,
ओढली नाही लगेच.
काही जिवंत होत्या अजून,
मेलेल्यांना ओढत पत्र्याच्या काठाशी येत होत्या.
मी मोजू लागलो.
एकोणीसनंतर चुकलो,
पुन्हा पहिलीपासून धरलं.

"लाइन साडेपाचला जाते," नाकाडे म्हणाले.
"हो," म्हटलं. "थांबा थोडं."